नववीचा पेपर आणि ‘घरातले सगळे’

बायकोने फक्त एक कुलूप आणायला सांगितलं होतं. कपाटाच्या खालच्या कप्प्याला लावायचं, बोटाच्या दोन पेरांएवढं. ते मी आणलं असतं तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं, आणि माझी अब्रू घरात आणि शाळेत जिथल्या तिथे राहिली असती. शाळेत ती आधीपासून होती असं नाही, पण निदान गेली तरी नसती.

झालं असं. बायको शाळेत गणित शिकवते. आमची मुलगी त्याच शाळेत नववीत आहे. नववीचा पेपर दरवर्षी ज्या बाई काढतात त्या नेमक्या लांब रजेवर गेल्या आणि पेपर काढायचं काम बायकोकडे आलं. लगोलग मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, परिपत्रक काढलं: ज्या शिक्षकांची अपत्ये याच शाळेत शिकतात त्यांनी प्रश्नपत्रिका घरी सुरक्षित ठेवावी व तशी ठेवल्याचे लेखी कळवावे.

“मी हाताने लिहिते आणि कप्प्यात टाकून कुलूप लावते,” बायको म्हणाली. “येताना एक कुलूप आणा.”

“कुलूप?” मी हसलो. हे हसू माझं खास आहे. पाणीपुरवठा कार्यालयात मी आवक-जावक सांभाळतो, आणि एखादा माणूस चुकीच्या खिडकीत अर्ज घेऊन आला की मी असा हसतो. “अगं, आजच्या जमान्यात कोणी कुलूप लावतं का? पेपर खुशाल कॉम्प्युटरवर टाइप कर. बाकी माझ्यावर सोड.”

माझ्यावर सोडलेल्या गोष्टींचा इतिहास तिला ठाऊक आहे. तरी तिने टाइप केला, कारण आकृत्या कॉम्प्युटरवर सुबक येतात. आठ दिवस खपून तिने पेपर तयार केला आणि ‘परीक्षा’ नावाच्या फोल्डरात ठेवला.

आमच्याकडे कॉम्प्युटर एक आणि माणसं चार: मी, बायको, मुलगी आणि माझे वडील. वडिलांना सगळे अप्पा म्हणतात. कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलाशेजारी असतो, त्यामुळे त्याच्यावर बसलेल्या माणसाच्या मागे कायम कोणीतरी काहीतरी चावत उभं असतं. त्याच्या पोटात ‘घर’ नावाचं एक मोठं फोल्डर, आणि त्यात प्रत्येकाचं एकेक. मुलीचा अभ्यास, बायकोची ‘परीक्षा’, अप्पांच्या ‘तक्रारी’ (ते फूटपाथच्या उखडलेल्या फरश्यांबद्दल वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात) आणि माझं ‘ऑफिस’. माझ्या फोल्डरात ऑफिसचं काय होतं ते पुढे येईलच. न येतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी मी आमच्या ऑफिसातल्या संगणकवाल्याला गाठलं. हा माणूस अत्यंत हुशार आणि म्हणूनच कायम वैतागलेला.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “प्रत्येकाला वेगळी परवानगी देत बसू नका. आधी गट करा. माणसं गटात घाला आणि परवानगी गटाला द्या. दुसरी गोष्ट, वरच्या फोल्डरला जे द्याल ते खालच्यांना आपोआप मिळतं. वारशाने. बापाकडे असेल ते पोराकडे येतं.”

“वा!” मी म्हणालो.

“आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट...” एवढ्यात चहा आला. चहा घेताना माझं लक्ष नेहमी बिस्किटांच्या बशीवर असतं, कारण आमच्या विभागात बिस्किटं माणशी एक येतात आणि माणसं तसं वागत नाहीत. तिसरी गोष्ट ‘नकारा’बद्दल काहीतरी होती. तो बरंच काही बोलला. मी चारपाच वेळा मान हलवली. पुढच्या दोन दिवसांत त्या एका बिस्किटाची आठवण मला फार वेळा झाली.

शनिवारी सकाळी मी कामाला लागलो. आधी कागदावर गट पाडले आणि ते सर्वांना वाचून दाखवले, कारण मी लोकशाहीवादी आहे.

“गट पहिला: ‘मोठी माणसं’. यात मी आणि तू,” मी बायकोला म्हणालो. “गट दुसरा: ‘ज्येष्ठ’. यात अप्पा. यांना फक्त वाचायची परवानगी.”

“फक्त वाचायची?” अप्पांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. “आणि लिहायचं कोणी?”

“अप्पा, तुमच्या हातून काही पुसलं जाऊ नये म्हणून...”

“माझ्या हातून आजवर एकच गोष्ट बिघडली आहे,” अप्पा म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

“गट तिसरा: ‘अपत्य’. यात आमचं कन्यारत्न.”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “आम्हाला शाळेत हे आहे. मी करून देऊ?”

“तुझ्यापासूनच तर लपवायचंय,” मी म्हणालो. “चोराला कोणी तिजोरी बांधायला सांगतं का?”

हे मी विनोदाने म्हटलं होतं. ती हसली नाही. बायकोही हसली नाही. मी एकटाच हसलो आणि कामाकडे वळलो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा कॉम्प्युटर मी मराठीत करून घेतला आहे. यंत्राने आपल्याशी आपल्या भाषेत बोलावं असा माझा आग्रह होता. ते बोलायला लागल्यावर कळलं, की त्याची मराठी एखाद्या जुन्या तहसीलदाराने शिकवली असावी. अप्पांचं फोल्डर उघडल्याबरोबर पडद्यावर अक्षरं आली, आणि सवयीप्रमाणे मी ती मोठ्याने वाचली: “‘या घटकास पालकाकडून वारशाने हक्क प्राप्त झाले आहेत. वारसा खंडित करावयाचा आहे काय?’”

“कोणाचा वारसा?” अप्पांनी विचारलं.

“तुमचाच, अप्पा. एक मिनिटात तोडतो.”

नेमके त्याच वेळी शेजारचे मुद्देकाका दारात उभे होते. ते कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘मुद्दा असा’ने करतात म्हणून हे नाव. ते आमच्याकडे रोज वर्तमानपत्र न्यायला येतात आणि सल्ला देऊन जातात.

“मुद्दा असा,” ते आत येत म्हणाले, “की वारसा असा तोंडी तुटत नाही. दोन साक्षीदार लागतात. आणि अप्पा, तुम्ही काही सही केली नाहीत ना?”

“काका, हा फोल्डरचा वारसा आहे.”

“फोल्डरमध्ये काय आहे?”

“तक्रारी.”

“बघा!” मुद्देकाका अप्पांना म्हणाले. “तक्रारी आहेत. म्हणजे वादग्रस्त आहे.”

मी पुढचं वाचू नये असं कोणालाही वाटलं असतं. मी वाचलं. “‘मालकी बदला. वर्तमान मालक हटवा.’”

अप्पा उठले आणि आतल्या खोलीत गेले. दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. दुसऱ्या गावाहून धाकटी बहीण.

“दादा, तू वाटणी करतोयस म्हणे?”

“कसली वाटणी?”

“अप्पांना हटवून मालकी तुझ्या नावावर करतोयस, आणि मला काही कळवलं नाहीस. मला काही नकोय रे, पण निदान विचारायचंस तरी.”

तिला परवानगी, गट, पालक फोल्डर आणि अपत्य फोल्डर समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे अपत्यांना सगळं समान मिळणार ना?” मी “हो” म्हणून फोन ठेवला. अप्पांची समजूत काढायला मात्र त्यांना ‘मोठी माणसं’ गटात घ्यावं लागलं. मध्येच त्यांनी पत्रातला एक स्वल्पविराम बदलून पाहिला होता, आणि यंत्राने त्यांना ‘आपणांस येथे बदल करण्याचा अधिकार नाही’ असं सांगितलं होतं. “माझ्याच तक्रारीत?” अप्पा विचारत होते. पस्तीस वर्षं नोकरी करून या माणसाला असं वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं. ते मी घरात आणून ऐकवलं.

माझं ‘ऑफिस’ फक्त मलाच उघडेल असं मी सकाळीच करून ठेवलं होतं. दुपारी मी मुख्य कामाला, ‘परीक्षा’ फोल्डरला हात घातला. माझी योजना अगदी सरळ होती. आधी एक चौथा गट केला, ‘घरातले सगळे’. त्यात आम्ही चौघेही. त्या गटाला ‘परीक्षा’साठी ठणठणीत नकार दिला. पूर्ण नकार: बघायचं नाही, वाचायचं नाही, हात लावायचा नाही. मग खाली एकट्या बायकोच्या नावाने पूर्ण परवानगी दिली. दार सगळ्यांना बंद, तिला उघडं. आहे की नाही?

“ये, उघडून बघ,” मी तिला स्वयंपाकघरातून बोलावलं. सोहळ्याला साक्षीदार म्हणून अप्पा आणि मुद्देकाकाही होते.

तिने हात पुसले, आपला पासवर्ड घातला, ‘परीक्षा’वर टिचकी मारली.

‘प्रवेश नाकारला आहे.’

“परत मार,” मी म्हणालो.

‘प्रवेश नाकारला आहे.’

“जरा हलक्या हाताने मार.”

तिने माऊस माझ्यापुढे सरकवला. मी माझ्या पासवर्डने पाहिलं. नाकारला. अप्पांनी पाहिलं. नाकारला. मुद्देकाकांनाही बघायचं होतं, पण ते कुठल्याच गटात नव्हते.

“अहो,” बायको म्हणाली. अठरा वर्षांच्या संसारात मी ‘अहो’चे वेगवेगळे स्वर ओळखायला शिकलो आहे. हा फार खालचा होता. “सोमवारी आठ वाजता पेपर द्यायचाय. माझ्याकडे दुसरी प्रत नाही. तुम्हीच म्हणालात, दुसरी प्रत ठेवली तर ती फुटेल.”

“हो, पण तुला परवानगी आहे! हे बघ, इथे तुझं नाव आहे!”

“आई पण ‘घरातले सगळे’मध्ये आहे ना,” मुलगी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली. “नकार आणि परवानगी दोन्ही असलं की नकार जिंकतो.”

हीच ती तिसरी गोष्ट. चहाबरोबर गेलेली. पण मुलीने सांगितलेलं लगेच मान्य करायचं तर मग बाप कशाला व्हायचं? मी तडक संगणकवाल्याला फोन लावला. तो सलूनमध्ये दाढी करून घेत होता. गालावर वस्तरा असल्यामुळे तो ओठ न हलवता बोलत होता. मी परिस्थिती सांगितली.

“हं... मालकी घ्या,” तो दातांतून म्हणाला. “मग नकार काढा. फक्त त्याच फोल्डरचा. वरून सगळ्यांना एकदम लावू...”

पुढचा शब्द वस्तऱ्याखाली गेला. आपल्या भाषेची हीच मोठी अडचण आहे. दुसऱ्या एखाद्या भाषेत माणूस आधी नाही म्हणतो आणि मग काय नाही ते सांगतो. आपण सगळं वाक्य होकारासारखं बोलत जातो आणि ‘नका’ अगदी टोकाला ठेवतो. टोक तुटलं की संपलं.

मी ‘घर’ या सर्वांत वरच्या फोल्डरवर गेलो. मालकी घेतली. तिथे ‘घरातले सगळे’ या गटाला पूर्ण परवानगी दिली, म्हणजे कोणाला कसली तक्रार नको. यंत्राने विचारलं, “‘सर्व अपत्य घटकांचे पूर्वीचे हक्क रद्द करून पालकाचे हक्क लागू करावेत काय?’” मी ‘होय’ म्हटलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली आणि खाली घटकांची नावं धावायला लागली. चार हजार तीनशे बारा घटक. मी खुर्चीला टेकून बसलो. आयुष्यात इतकी माणसं माझ्या एका शब्दावर कधी हलली नव्हती.

पट्टी पूर्ण झाल्यावर बायकोने ‘परीक्षा’ उघडलं. उघडलं! पेपर जागच्या जागी. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मी घरभर फिरून जाहीर केलं, “सगळं उघडतंय! सगळं!”

ते किती खरं होतं हे तपासून बघावं असं मला वाटलं नाही. मोठ्या बाईंना पाठवायचं पत्र मात्र मी बायकोच्या वतीने लगेच लिहून दिलं: ‘प्रश्नपत्रिका अद्ययावत पद्धतीने सुरक्षित करण्यात आली आहे.’ तिने त्यावर सही केली आणि भाजीला जाताना पाकीट मोठ्या बाईंच्या घरी देऊन टाकलं.

रविवारी सकाळी मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा टेबलाशी अप्पा खणखणीत आवाजात काहीतरी वाचत होते आणि मुद्देकाका दाद देत होते.

“‘...हा माणूस म्हणजे आमच्या कार्यालयाचा कणा आहे. त्यांनी जावक केलेले पत्र कधी परत आले नाही. त्यांच्या अक्षराकडे पाहून मला अनेकदा स्वतःची लाज वाटली...’”

माझ्या हातातला टॉवेल गळून पडला. सुदैवाने दुसरा होता.

“अरे, ये ये!” अप्पांचे डोळे पाणावले होते. “तू बोलला नाहीस कधी! साहेबांनी काय लिहिलंय तुझ्यावर! मी आपला माझी पत्रं शोधत होतो, तर तुझं ‘ऑफिस’ उघडलं.”

पुढच्या महिन्यात माझ्या नोकरीला पंचवीस वर्षं होतात. ऑफिसात अशा वेळी साहेब चार शब्द बोलतात. आमचे साहेब नवीन आहेत, त्यांना माझ्याबद्दल काय माहीत असणार? म्हणून त्यांच्या सोयीसाठी, त्यांच्या वतीने, मी काही मुद्दे आधीच काढून ठेवले होते. योग्य वेळी योग्य हातात देता यावेत म्हणून. बस, इतकंच. यात कुठलाही स्वार्थ नव्हता, म्हणजे दुसऱ्या कोणाचा.

“इथे आणखी आहेत,” अप्पा उत्साहाने म्हणाले. “‘गौरव एक’, ‘गौरव दोन’, ‘गौरव अंतिम’, ‘गौरव खरोखर अंतिम’. साहेबांनी चार वेळा लिहिलं?”

“मुद्दा असा,” मुद्देकाका चष्मा पुसत म्हणाले, “की साहेब तुमच्या कॉम्प्युटरवर कधी बसले?”

आधी बायकोला हसू फुटलं. मग मुद्देकाकांना. अप्पांना समजायला थोडा वेळ लागला, पण मग ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी टॉवेल गुंडाळून मधोमध उभा. कपडे घालायला आत जावं तर पळून गेल्यासारखं दिसेल, थांबावं तर टॉवेल.

“‘स्वतःची लाज वाटली’!” बायको डोळे पुसत म्हणाली. “अहो, साहेबांना का लाज वाटायला लावलीत?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मुलगी हसत नाहीये. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात भूमितीची वही.

“आई,” ती म्हणाली, “मी पेपर पाहिला.”

हसणं एकदम थांबलं. अप्पांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

“कुठला पेपर?” बायकोने विचारलं. तिला माहीत होतं कुठला. तरी तिने विचारलं.

“तुझा. सकाळी मी माझ्या नोट्स शोधायला ‘त्रिकोण’ असं टाकलं. एरवी माझंच येतं. आज एक दुसरी फाइल पण आली, मी उघडली. मला आधी कळलंच नाही तो पेपर आहे. मला वाटलं, सराव म्हणून आहे. मग वर ‘नववी’ दिसलं.” ती थांबली. “पण तोवर मी तीन प्रश्न वाचले होते. तिसरा जरा जास्तच.”

“जास्त का?”

“कारण तो सुटत नव्हता. आई, त्यातल्या त्रिकोणाचे तीन कोन मिळून एकशे नव्वद अंश होतात.”

बायको खुर्चीवर बसली. तिने फाइल उघडली, तिसरा प्रश्न काढला आणि बोटांवर बेरीज केली. मग पुन्हा केली. दोनशे मुलांसमोर तो त्रिकोण गेला असता.

“सत्तरचं ऐंशी झालंय,” ती हळूच म्हणाली.

मी ताबडतोब तोडगा काढला. “मग सोपं आहे! तेवढे तीन प्रश्न बदल. तिसरा तर बदलायचाच होता. म्हणजे एका अर्थी बरंच झालं!”

“बाकीचे पण मला दिसले असतील,” मुलगी म्हणाली. “मी नीट वाचले नाहीत, पण खाली जाताना दिसतातच. मला नक्की सांगता येणार नाही.”

“मुद्दा असा,” मुद्देकाका खाली आवाजात म्हणाले, “की या खोलीतल्या पाच माणसांशिवाय हे कोणाला माहीत नाही. मी कोर्टात तीस वर्षं पाहिलंय, जे कोणी बोलत नाही ते झालेलं नसतं.”

“ती बोलली की,” अप्पा म्हणाले. एवढंच. आणि पेला टेबलावर ठेवला.

मुद्देकाका वर्तमानपत्र न घेताच घरी गेले. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

बायकोने मुलीला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता रागावणार. तिने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, “जा, अप्पांबरोबर फिरून या. संध्याकाळपर्यंत येऊ नका.” मग कोरे कागद घेतले, पट्टी घेतली, आणि सगळा पेपर पहिल्या प्रश्नापासून नवा लिहायला बसली. हाताने.

मी बाजूला उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं, पण माझ्याजवळ होते ते सगळे शब्द ‘खरोखर अंतिम’मध्ये खर्च झाले होते.

“मी काही करू?” मी शेवटी विचारलं.

“वर्तुळं काढा.”

घरातला कंपास मुलीच्या दप्तरात, आणि दप्तराच्या कुलपाची किल्ली तिच्याकडे. म्हणून मी वाटी पालथी घालून वर्तुळं काढली. पहिली चार बायकोने परत केली, कारण वाटीला एका बाजूने पोचा आहे आणि तो वर्तुळातही उतरत होता. केंद्र चुकलं की असं होतं, असं मी समर्थन करत होतो, तेव्हा तिने दुसरी वाटी पुढे सरकवली. अधूनमधून मी चहा केला. प्रत्येक उत्तराची बेरीज तिने माझ्याकडून तपासून घेतली आणि मग माझी तपासणी तिने तपासली. उन्हं कलली तेव्हा पेपर पूर्ण झाला. एकूण गुण शंभरऐवजी अठ्ठ्याण्णव होत होते. दोन गुणांचा प्रश्न कुठला घालावा यावर आमचं रीतसर भांडण झालं, आणि त्या भांडणाने मला फार बरं वाटलं.

“उद्या मी मोठ्या बाईंना सगळं सांगणार आहे,” ती कागदांची घडी घालत म्हणाली. “तुम्ही पण चला.”

“मी कशाला? नवीन पेपर आहे ना आता.”

“शनिवारच्या पत्रावर माझी सही आहे. भाषा तुमची आहे.”

सोमवारी साडेसातला आम्ही मोठ्या बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. बाक पहिलीच्या मुलांसाठी केलेला. माझे गुडघे छातीला लागत होते. येणारीजाणारी मुलं माझ्याकडे बघून आपसांत काहीतरी बोलत होती. शिक्षा झालेला माणूस कसा दिसतो हे मुलांना बरोबर कळतं.

मोठ्या बाई साठीला टेकलेल्या, आवाज हळू. त्यांनी बायकोचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्यापुढे कागद सरकवला. “काय झालं ते तुम्ही लिहून द्या. दोन प्रतींत.”

मी लिहायला घेतलं. पहिलं वाक्य झालं, ‘सदर व्यक्तीने सद्हेतूने...’ आणि तिथेच पेन थांबलं. तो कागद मी चुरगाळून खिशात टाकला आणि दुसरा मागितला. त्यावर गट, वारसा, मालकी सगळं क्रमाने लिहिलं आणि शेवटी: ‘मी सगळ्यांना नकार दिला, त्यात पत्नीही होती हे मला कळलं नाही. मग घाबरून सगळ्यांना सगळं उघडं केलं, त्यात मुलगीही होती हेही कळलं नाही. तिने मला दोनदा सांगायचा प्रयत्न केला होता. मी तिला चोर म्हणालो.’ शेवटचं वाक्य लिहायचं ठरवलं नव्हतं. ते कागदावर आलं तेव्हा बायकोने ते वाचलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

मोठ्या बाईंनी चष्मा लावून दोन्ही प्रती वाचल्या, दोन्हींत तेच आहे याची खात्री केली.

“या खोलीत मी बावीस वर्षं बसते आहे,” त्या म्हणाल्या. “पेपर फुटल्याचं मला नेहमी दुसऱ्या कोणाकडून तरी कळलं. ज्याने पाहिला त्याने स्वतः सांगितलं, असं पहिल्यांदाच होतंय. नवा पेपर ठेवून घेते. तुमच्या मुलीची उत्तरपत्रिका आठवीच्या बाई तपासतील. झालं.”

“आणि मी?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडच्या टेबलावर, कापडी आवरण घातलेल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं.

“तुमच्याशी मला वेगळं बोलायचं होतं. आमच्या कचेरीत बत्तीस शिक्षकांच्या फाइली एकाच ठिकाणी पडलेल्या असतात. कोण कोणाचं उघडतो कळत नाही. तुम्ही हे गट, वारसा, मालकी इतकं नीट समजावून लिहिलंय, म्हणून विचारते. एखाद्या शनिवारी येऊन आमचंही बसवून द्याल का? तुम्हाला यातलं बरंच कळतं असं दिसतं.”

सांगायला लाज वाटते, पण माझी पाठ ताठ झाली. बावीस वर्षं त्या खुर्चीत बसलेली बाई माझ्याकडे आदराने बघत होती. डोळ्यांसमोर कागद आला: गट पहिला, शिक्षक, गट दुसरा, लिपिक, गट तिसरा... तोंडावर माझं ते खास हसू यायला लागलं होतं. शेजारी बायकोने पिशवीचे बंद घट्ट धरले.

“नाही, बाई,” मी म्हणालो. “मला यातलं काही कळत नाही.”

इतकं छोटं वाक्य, पण पंचवीस वर्षांच्या नोकरीत आणि अठरा वर्षांच्या संसारात ते माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. जीभ अडखळेल असं वाटलं होतं. उलट छान, मोकळं वाटलं.

“मग कोणाला कळतं?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“नववीत आहे एक,” मी म्हणालो. “पण परीक्षा संपल्यावर विचारा. आणि मला नको, तिलाच विचारा.”